दाराला लावलेली वीट

शेडच्या टोकाचे मोठे पंखे गरगरत होते, समोरच्या भिंतीतले हवा गार करणारे पॅड पाण्यानं निथळत होते, तरी ऊन चढलं की कोंबड्या माना टाकायच्या. कुठंतरी पाणी मुरत होतं. थोरल्या सुनेचा संशय दिरावर होता. पंखे त्यानंच बसवले होते, आणि धंदा वहिनीच्या हाती गेल्यापासून तो धुमसत होता. आज ती खाद्याच्या पोत्यांआड दबा धरून बसली. पंख्यांशेजारचं दार करकरलं. आत आली सासू! तिनं दार सताड उघडून वीट लावली. "अहो आई, पंखे या दारातूनच हवा ओढतात! पॅडची गार हवा आत येतच नाही." "अगं बाई! मला वाटलं, बिचाऱ्यांना वारा लागेल." सून वरमली. दिरावर उगाच आळ घेतला. ती वीट उचलायला वाकली. "धाकट्यानं दिलीय ती. म्हणाला, रोज दार उघड, पण वहिनीला सांगू नकोस."