काळी चार

घरघर गेली. अपूर्वाने हेडफोन कानांवर दाबले आणि टेप पहिल्यापासून ऐकली. मांडवातल्या कर्ण्याची घरघर नाही, फितीची खरखर नाही. पस्तीस वर्षांपूर्वीचे बाबा समोर बसून गावेत इतका स्वच्छ आवाज. चार रविवार ती कम्प्युटरवर एवढ्यासाठीच बसली होती. तिने शेजारच्या त्यांच्या पेटीचा भाता हलवला आणि सूर शोधला.

काळी तीन, पेटीची तिसरी काळी पट्टी. म्हणजे काशीरामकाकांचंच खरं होतं.

येत्या रविवारी बाबांना, कुंडलिकबुवांना, जाऊन वर्ष होणार होतं. नाहूरच्या त्यांच्या भजनी मंडळाची एक पद्धत होती. बुवाच्या वर्षश्राद्धाला त्याचा गाजलेला गजर त्याच्याच पट्टीत म्हणायचा आणि मग मंडळाच्या पेटीच्या झाकणाला आतून, आधीच्या दोन बुवांच्या खाली, त्याचं नाव आणि पट्टी ऑइलपेंटने लिहायची. एकदा लिहिलं की तेच कायम.

घाटकोपरच्या डबलबारीत, दोन मंडळांच्या भजनाच्या सामन्यात, आपण तो गजर काळी चारमध्ये म्हटला आणि समोरचं मंडळ गार पडलं, असं बाबा जन्मभर सांगत आले. त्या रात्री पेटीवर काशीरामकाका होते. पण त्यांनी ही टेप इतक्या वेळा ऐकली होती की त्यांना आता टेपमधली काळी तीनच आठवत होती. चारमध्ये ती वरची ओळ घ्यायला गेलं तर माणूस फाटतो, असं ते म्हणायचे. मंडळात बाबांचं नावच ‘काळी चार’ पडलं. चहा आला तरी कुणीतरी विचारायचं, बुवा, चारात घेणार की तीनात? बाबा हसायचे आणि कप उचलायचे.

सोळा वर्षांची असताना एकदा अपूर्वाही म्हणाली होती, “टेप खोटं बोलते का, बाबा?” त्यानंतर त्यांनी घरात तो विषय काढला नाही.

प्रोग्राममध्ये एक सोय होती. आवाजातून जे काढून टाकलं तेवढंच वेगळं ऐकता यायचं. साफ करताना बाबांचं काही पुसलं तर गेलं नाही ना, हे बघायला तिने ते लावलं. बाबा त्यात नव्हते. होती फक्त घरघर, एकसुरी, कंटाळवाणी. पडद्यावर तिचा आकडा होता: साडेचव्वेचाळीस.

अपूर्वा त्या आकड्याकडे बघत राहिली.

मिल बंद पडल्यावर बाबा वायरमनचं काम करायचे. लहानपणी पंख्याच्या रेग्युलेटरला तिचा कान लावून त्यांनी शिकवलं होतं की ही वीज गुणगुणते, सेकंदाला पन्नास वेळा, आणि घर कुणाचंही असो, पन्नासच. फार तर अर्ध्याने इकडेतिकडे. साडेपाचने कधीच नाही.

कर्ण्यात घरघरत होती ती हीच वीज. कर्णा बरोबर होता. चुकत होती ती टेप. ज्या रेकॉर्डरवर ती भरली तो जोरात पळत असणार. म्हणून नंतर प्रत्येक मशीनवर ती रेंगाळत वाजली आणि सगळंच खाली उतरलं: झांज, पेटी, बाबा. उतरून ते दोन स्वरांच्या मध्ये कुठे अडकलं असतं, तर कुणाच्या तरी कानाला खटकलं असतं. पण ते नेमकं शेजारच्या काळीवर जाऊन बसलं होतं.

चार रविवारांची साफसफाई तिने रद्द केली. घरघर परत आली. ती पन्नासवर येईपर्यंत अपूर्वाने टेपचा वेग वाढवला, आणि मग पेटीवर बोट ठेवलं.

काळी चार. तिने भाता मिटला. थोड्या वेळाने पुन्हा उघडला आणि तीच पट्टी पुन्हा दाबली.

शनिवारी दुपारी काशीरामकाका आले. डोळे मिटून त्यांनी सगळं ऐकलं. मग म्हणाले की कम्प्युटरवर कुणाचाही आवाज कितीही चढवता येतो, त्यांच्या नातवाने तर त्यांना बाईच्या आवाजात गायला लावलं होतं. आणि तू पडलीस त्याची मुलगी.

“मी बाबांच्या आवाजाला हात लावला नाही, काका,” अपूर्वा म्हणाली. “विजेची घरघर जागेवर आणली. बाबा आपोआप वर गेले.”

पन्नासचं गणित तिने त्यांना दोनदा समजावलं. जाताना चपला घालता घालता एवढंच म्हणाले, “उद्या म्हणून बघू.”

रविवारी सकाळी मंडळाची खोली भरली होती. झाकण उघडं होतं, ऑइलपेंटची डबी बाजूला. नवा बुवा सुयोग काशीरामकाकांच्या बोटांकडे बघत होता. बोटं काळी चारवर गेली तसा तो ताठ बसला.

गजर उभा राहिला. झांजा जमल्या. पहिल्या ओळी सगळ्यांनी ओढून नेल्या. मग वरची ओळ आली. सुयोग चढला, अर्ध्यावर त्याचा आवाज फाटला. मागच्या दोघांनी धरायचा प्रयत्न केला, तेही खाली आले. कोरस एकेक करून गळला. झांजा थांबल्या. ती अख्खी ओळ पेटी एकटीच वाजली.

सुयोगने ओशाळून मान खाली घातली. अपूर्वाने मात्र वर केली.

काशीरामकाकांनी भाता थांबवला नाही. दुसऱ्या हाताने त्यांनी ऑइलपेंटची डबी तिच्याकडे सरकवली.

“लिही गो,” ते म्हणाले. “घाटकोपरलाही समोरचे असेच गार पडले होते. पट्टी बरोबर लागली.”