सतराव्या होलवरचा भोंगा

आभाळात ढग नसताना तुम्ही वीज पडण्याच्या धोक्याचा, खेळ थांबवायचा भोंगा वाजवलात, समितीवाले साहेब.

गोल्फच्या हंगामातली शेवटची स्पर्धा होती, शेवटचा दिवस. वर्षअखेर क्रमवारीत पहिल्या साठांत राहिलं तरच पुढच्या हंगामात खेळायचं कार्ड मिळतं. सकाळी मी त्रेसष्टावा होतो. सतराव्या होलपर्यंत पाच बर्डी मारून, म्हणजे पाच होलांत एकेक फटका वाचवून, अठ्ठावन्नावर आलो. चेंडू होलपासून दीड हातावर, आणि तुमचा भोंगा वाजला.

माझी बॅग उचलणारे दाजी म्हणाले, “मेव्हणे, ढकला की! माझी म्हातारीसुद्धा घालेल.”

“भोंग्यानंतर मारला तर बाद करतात, दाजी.”

“अहो, पण वीज कुठाय? टाळू भाजायला लागलीय!”

तरी मी काठी खाली ठेवली. नियम तुमचाच होता.

दहा मिनिटांत अठराव्या होलच्या हिरवळीवर प्रमुख पाहुण्यांचं हेलिकॉप्टर उतरलं. पाहुण्यांना घाई होती म्हणे. मग माईकवरून तुम्ही जाहीर केलंत, खराब हवामानामुळे आजचा खेळ रद्द, कालचाच स्कोअर धरणार.

मी परत त्रेसष्टावा. कार्ड गेलं.

तुमच्या सहीनिशी लेखी द्या, त्या दुपारी वीज नेमकी कुठे चमकली?