सरावाची आजी

कोल्हापुरातल्या त्या नर्सिंग कॉलेजात प्रात्यक्षिकाची परीक्षा चालू होती. पलंगावर सरावाचा रबरी पुतळा उताणा निजवलेला होता. मुली त्याला आजी म्हणत. आजीला कुशीवर वळवण्याचे काम आजऱ्याच्या संयोगिताकडे आले. मागच्या खेपेला ती यातच नापास झाली होती. आज चुकली, तर घरचे तिला परत पाठवणार नव्हते.

तिने पुतळ्याच्या खांद्याखाली हात घालून हिसका दिला. एरवी सहज सरकणारे ते धूड आज शिळेसारखे जड झाले होते.

"सांगितलंस काय तिला?" परीक्षा घेणाऱ्या हिराबाई सिस्टरांनी करड्या आवाजात विचारले. "न सांगता हात लावलास, तर कोण कशाला अंग हलकं करंल?"

"सिस्टर, रबराला काय सांगायचं?"

"तुझ्या आईलाबी असंच वढशील व्हय गं?"

बाकीच्या मुली फिदीफिदी हसल्या. संयोगिताने दात आवळले आणि रागानेच म्हटले, "आजी, तुमची कूस बदलतो."

पुतळा अलगद वळला. तिने जोर लावण्यापूर्वीच वळला.

हसणे थांबले.

"आता नाडी," सिस्टर म्हणाल्या.

संयोगिताने हात पुढे केला; पण त्याआधीच तीन गार बोटे तिच्याच मनगटावर, अंगठ्याच्या खाली, नेमक्या जागी टेकली होती. तिने हात ओढला. तो सुटला नाही.

हिराबाई सिस्टर भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होत्या.

"हलू नगंस," त्या म्हणाल्या. "मोजू दे तिला."