आपल्या स्तरावर

“त्या रकान्यात नाही, सोपान. शेजारच्या,” कारकून नौशाद भाऊसाहेब म्हणाले.

पौडच्या तहसील कचेरीत सोपानचा अर्ज चार महिन्यांनी परत आला होता. जाताना एक पान होता, येताना बोटभर जाड झाला होता.

“पन अर्जदार मीच हाय की, भाऊसाहेब.”

“अर्जदार पहिल्या रकान्यात. सही दुसऱ्यात कर. कार्यवाही कोण करणार, त्यात.”

सोपाननं दुसरा रकाना वाचला. तितंबी त्याचंच नाव होतं.

झालं होतं असं. कोळवणच्या खोऱ्यात फार्महाऊस घेऊन एका कंपनीनं आभाळात फुगे सोडायला काढले. फुगा लई उंच जाणार, वर फुटणार, आतली पावडर पसरून उन्हाला आडवी येणार, अन् पृथ्वी गार होणार. पहिलाच फुगा चिंचेच्या शेंड्याला फुटला. पावडर पडली सोपानच्या भाताच्या रोपांवर. दोन दिवसांत रोपं करपली. बायकोनं, इंदूबाईनं, शेजारपाजारची उरलीसुरली रोपं मागून लावणी उरकली. आता ते भात दाण्यात आलं होतं. दाणा भरायला ऊन लागतं. अन् कंपनी आता मोठा फुगा सोडणार होती.

कंपनीचा सौरभ गोड बोलायचा. “काका, जग तापतंय. कुणीतरी काहीतरी करायलाच पाहिजे.”

“करा की. पर आमाला इचारलं कुनी?”

“तुमच्या शेताशी संबंधच नाही. पावडर वरच्या स्तरात जाते.”

“मंग मागल्या येळंला माझ्या रोपात कुटला स्तर व्हता?”

अगोदर दुसऱ्या एका देशानं ह्यांना हाकलून दिलं होतं, हे सौरभच एकदा बोलून गेला. सोपानच्या डोक्यात ते बसलं. त्या देशाला थांबवता येतं, मग आपल्याला का न्हाई? त्यानं थेट दिल्लीला अर्ज केला.

दिल्लीनं मुंबईला लिहिलं, ‘प्रयोग थांबवण्याबाबत आपल्या स्तरावर उचित कार्यवाही करावी.’ मुंबईनं तेच वाक्य पुण्याला लिहिलं. पुण्यानं पौडला. थांबवू नका असं कुणी म्हणालं न्हाई. आम्ही थांबवतो असंबी कुणी म्हणालं न्हाई. जो तो शिक्का मारायचा अन् कागद एक पायरी खाली ढकलायचा.

“मंग तुमी थांबवा की!” सोपान टेबलावर हात आपटून म्हणाला.

“माझ्या स्तरावर येत नाही, बाबा. मंडळ अधिकारी निवडणुकीच्या ड्युटीवर. तलाठी मॅडम बाळंतपणाच्या रजेवर. त्यांच्या खाली कोण?”

त्यांच्या खाली गावचा कोतवाल. नोटिसा वाटत हिंडणारा. सरकारनं आता त्याला महसूल सेवक म्हणायला लावलंय, सायकल तीच हाय. अन् वीस वर्षं कोतवाल सोपानच होता.

“चेष्टा करताय व्हय?”

“चेष्टा कसली? पोच दे कागदाची.”

घरी इंदूबाईला हसू आवरंना. “बजवा आता सवतालाच नोटीस! घेत न्हाई म्हना, अन् लावा आपल्याच दाराला डकवून!”

सोपानचा घास हातातच राहिला.

“भात उरलाय का गं?” त्यानं विचारलं.

सकाळी फार्महाऊसच्या माळावर मोठा फुगा पसरला होता. अर्धा एकर पातळ पांढरं प्लास्टिक. भोवतीची माणसं पांढरे हातमोजे घालून वावरत होती. “बोट लावू नका, काका,” सौरभ लांबूनच म्हणाला. “नुसता डाग पडला तरी वर जाऊन फाटतो.”

“सायेब, हा कागद घ्या अन् काम थांबवा.”

सौरभनं कागदाकडं बघितलंबी न्हाई. “आमचं वरती बोलणं झालंय. असले कागद मी घेत नाही.”

“नक्की घेत न्हाई?”

“एकदा सांगितलं ना!”

सोपान हातमोजेवाल्यांकडं वळला. “घेत न्हाई म्हनले. ऐकलं न्हवं समद्यांनी?”

वीस वर्षं तो हेच करत आला होता. माणसानं नोटीस घेतली न्हाई, की ती जागेवर डकवायची. त्यानं पिशवीतून शिळ्या भाताचा मुटका काढला. कागदाच्या मागं चांगला चोळला. वाकला, अन् कागद फुग्यावर थापला. दोन्ही हातांनी, दाबून दाबून.

“अहो! वाया गेला ना तो!” सौरभ किंचाळत पळत आला. “कुणाच्या हुकमानं?”

मग त्यानं वाकून वाचलं. दिल्लीचा शिक्का. मुंबईचा. पुण्याचा. पौडचा. सगळ्यात खाली दोन रकाने अन् दोन्हीत एकच नाव.

“अर्ज करणारे तुम्ही, थांबवणारेही तुम्हीच?” त्यानं फोन काढला. “तुमच्या वर कोण आहे ते सांगा मला!”

सोपान बोटांना चिकटलेली शितं काढत होता.

“माझ्या वर समदेच हायेत, सायेब, पार दिल्लीपत्तोर. खाली कुनीच न्हाई. म्हनून हितं थांबवावं लागलं.”