उरलेली पिशवी

जपानातल्या कुरे बंदराच्या गोदीत जन्मभर वेल्डिंग केलेल्या नागोशी आजोबांनी शस्त्रक्रियेआधी स्वतःचं दोन पिशव्या रक्त काढून ठेवलं, दोन्हींवर सही केली आणि मिश्कील हसले. "कॅन्सर माझ्याच अंगातला, अन् रक्तही माझंच परत घालणार? चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या की गं, पोरी!"

"धोका वाटला असता तर डॉक्टरांनी घेतलंच नसतं, आजोबा," रक्तपेढीतली सायो म्हणाली होती.

आज गाठ व्यवस्थित निघाली. एकच पिशवी लागली. उरलेलं रक्त दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही, टाकून द्यायचं, असा नियम.

सायोनं ती पिशवी फ्रिजमधून काढली. थंडगार होती, पण तळव्याखाली ठोके पडत होते. आपलीच नाडी असेल, म्हणून तिनं पिशवी टेबलावर ठेवली. आजोबांची सही तरीही संथपणे वरखाली होत राहिली.

तिनं कचऱ्याच्या डब्याचं झाकण उघडलं. ठोके धावायला लागले.

फोन वाजला. वॉर्डातली नर्स घाबरली होती. "नागोशी आजोबांची नाडी एकदम सुसाट सुटलीय!"

सायोनं झाकण लावलं.

"थांब... आली ठिकाणावर."

सायोनं फोन ठेवला, तोच मागून रक्तपेढीचे प्रमुख तोकुनागा साहेब वैतागले. "अजून टाकली नाहीस? एवढ्याशा कामाला मुहूर्त बघतेस का?"

"साहेब, नका! आधी हात लावून तर बघा."

त्यांनी पिशवी उचलून डब्यात भिरकावली आणि झाकण आपटलं.

सायोचा हात फोनवर गेला. तो अजून वाजला नव्हता.