बायकांचं दार

माझा जबरदस्त स्मॅश बागेतल्या पंपाच्या खोलीमागे गेला, म्हणून शटल आणायला मीच गेले. तिथे पाठीमागे बूट वाजले. मी थांबले की तेही थांबायचे. मी गर्रकन वळले.

“घाबरलीस काय गं?” टेपने थांबत-थांबत जागा मोजणारे महापालिकेचे साहेब होते. “शौचालय बांधायचंय. ही पांढरी फक्की दिसते ना, तिथे बायकांचं दार.”

“इतकं मागे?”

“मग काय समोर, चारचौघांत?”

मी शटल उचललं आणि बोललेच. “साहेब, आत्ता मी चारचौघांना दिसत असते, तर एवढी घाबरले असते का?”

साहेबांनी वळून पाहिलं. तिथून झोपाळे दिसत नव्हते, भेळवालाही नाही. त्यांनी बुटाने फक्कीची रेघ पुसली आणि टेपचं टोक माझ्या हातात दिलं.

“धर. झोपाळ्यांकडे चल.”