कोरा सूर्य

सूर्य महिनोन्महिने कोरा होता. डागांचं नवं चक्र यंदा जोमानं सुरू होईल, हे भाकीत रोज सूर्यावरचे डाग मोजून नोंदवणाऱ्या तिचंच. वेधशाळेत आता त्याची टिंगल व्हायची. मागच्या चक्रालाही तिनं सांगितलं एक, सूर्यानं केलं भलतंच. आज मात्र दुर्बिणीखालच्या कागदावर पडलेल्या सूर्यबिंबात काळा ठिपका दिसला. नजर त्यावर रोखून तिनं सवयीनं कागद हलवला. कागदावरचा मळ कागदाबरोबर सरकतो. ठिपका जागचा हलला नाही. भिंग फिरवलं. धूळ भिंगाबरोबर फिरते, ठिपका ढिम्म. दुर्बिणीची देखभाल करणाऱ्या नवऱ्याला तिनं हाक मारली. “आला एकदाचा.” चष्मा पुसून तो वाकला. “कुठे गं? मला तर कोराच दिसतोय.” “डोळे तपासून घे,” ती कंटाळून म्हणाली आणि त्याच्याकडे वळली. तोच ठिपका आता त्याच्या गालावर होता; तिनं नजर भिंतीकडे नेली, तर तोही भिंतीवर गेला. तिनं पेन्सिल त्याच्या हातात ठेवली. “शून्य लिही. उद्यापासून तू मोज.”